यंदाचा मुराळी

लालबाग, बऱ्हाणपूर
चैत्र वद्य षष्ठी

प्रिय सायली,

अनेक आशीर्वाद. पोस्टमनने पाकीट हातात दिलं म्हणून घाबरू नकोस, इथे सगळं खुशाल आहे. माझी साखर हद्दीत आहे. गच्चीवरच्या टाकीला तू सांगून गेलीस तसं ओलं गोणपाट गुंडाळतो, त्यामुळे दुपारी नळाला चहाचं पाणी येत नाही. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. दुकानदार लाकडाचा भुसा देत होता, मी परत केला. वाळा तो वाळा. फोन हातात असताना पत्र का लिहितोय, हे तुला वाटेलच. ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर तू बाकीचं नीट वाचणार नाहीस.

तुझा निरोप मिळाला. "बाबा, यंदा आखाजीला नको." खाली हात जोडल्याचं चित्र. कॅलेंडरात अक्षय्य तृतीया छापतात तीच, लग्नानंतरची ही तुझी पहिली आखाजी. आपल्याकडे पहिल्या आखाजीला लेक माहेरी येत नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि तू नको म्हणतेस. कारण तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही, पण विजेचा माणूस आहे मी, तार कुठे तुटली ते दिवा न लागण्यावरून कळतं मला. आपल्या घरी आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोरी. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत नावं घ्यायची. माझे आजोबा, वडील, मग तुझ्या सासूबाई शारदा, आणि सगळ्यात शेवटी प्रशांत. बापाने मुलाची घागर भरू नये म्हणतात. मी भरतो. त्याला तहान लागली तर दुसरं कोण आहे त्याला पाणी द्यायला? दर आखाजीला तू माझ्या शेजारी उभी असायचीस, त्याची बायको म्हणून. आता माघात निरंजनरावांशी लग्न होऊन तू पाचोऱ्याला गेलीस. मग त्याच दिवशी, त्याच उंबरठ्यावर, हिरव्या बांगड्या घालून कोण म्हणून उभं राहायचं? बरोबर ना? आणि तिकडे तुझ्या सासूबाईंनी विचारलं असणार, की पहिल्या नवऱ्याच्या घरी कशाला माहेरपणाला जायचं. विचारलं असेल तर त्यांचं चूक नाही. मीही विचारलं असतं.

तो विषय इथेच राहू दे. आधी इकडच्या खबरा.

हे पत्र तू निरंजनरावांना वाचायला देशील (दे, मुद्दाम सांगतो), म्हणून आमच्या मंडळींची त्यांच्यासाठी ओळख करून देतो. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही चौघं लालबागच्या रसवंतीवर बसतो. सुधाकर मास्तर, हिंदी शाळेत आयुष्य गेलं, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. यादवभाऊ, केळीचं शेत मुलाच्या हाती दिलंय पण मन अजून मोटारीच्या बटणावर. भिकन, रेल्वेतून सुटलेला, नोकरी सगळी चांदनी स्टेशनावर. आणि मी, कागद कारखान्यातून स्वेच्छेने बाहेर पडलेला. मी अजून साठीचा झालो नाही, म्हणून ते तिघे मला छोकरा म्हणतात. "ए छोकरे, चार ग्लास सांग." मी सांगतो, पण रसात बर्फ घालू देत नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा ते रसवंतीवाल्याला सांगता येत नाही.

गप्पा त्याच. ऊन, खाणं, फिरणं. यादवभाऊ मोबाईल काढून सांगतात की आज शेहेचाळीस, मी सांगतो की त्रेचाळीस. माझा तापमापक उत्तरेच्या भिंतीवर आहे, सावलीत, छातीच्या उंचीला, मागे हवा खेळेल इतकी जागा सोडून. मोबाईल काय, तो इंदूरचं ऊनही आपल्या माथी मारेल. यादवभाऊ म्हणतात, "तुझा तापमापकसुद्धा तुझ्यासारखाच, समोरचा जळून गेला तरी तीन अंश कमीच सांगेल." खाण्यावरून तर रोज भांडण. सुधाकरचं म्हणणं, उन्हाळ्यात सकाळी मावा जलेबी खाल्ली की दिवसभर लू लागत नाही. हे कुठल्या शास्त्रात आहे विचारलं तर म्हणतो, "अनुभव शास्त्र." भिकनला गोड बंद, म्हणून तो फक्त वास घेतो आणि नंतर डॉक्टरांना सांगतो की वास तेवढा घेतला. कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या भुयारी विहिरींच्या पाण्यात शिजवलेली तुरीची डाळ आणि नळाच्या पाण्यातली डाळ यात फरक आहे की नाही, यावर अख्खा आठवडा गेला. आहे, असं माझं मत आहे. मी दोन्ही शिजवून बघितल्या. तिघांनी डोळे मिटून खाल्ल्या आणि तिघांनी वेगवेगळं सांगितलं, तेव्हा मी विषय बंद केला.

आणि फिरणं. अगं, निरंजनरावांना खरं वाटणार नाही, पण ही मंडळी दर उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात. रसवंतीवर बसून. कुठली बस, कुठल्या फाट्याला उतरायचं, रात्री गारठा असतो तर स्वेटर घ्यायचा की शाल, सगळं ठरतं. मग यादवभाऊंची केळी घडावर येते, वारा सुटतो, आणि ते म्हणतात, "बाग सोडून कसा येऊ?" सुधाकर म्हणतो, "अगले साल पक्का." भिकनकडे रेल्वेचा पास आहे, त्यावर त्याने आजवर सासुरवाडी सोडून कुठलंही गाव पाहिलेलं नाही. तू होतीस तेव्हा दर वर्षी विचारायचीस, बाबा, यंदा चिखलदऱ्याला किती दिवस राहून आलात? आणि हसू लपवायला स्वयंपाकघरात जायचीस.

यंदा मात्र आम्ही खरंच निघालो. ती हकिकत ऐक.

तुझा निरोप यायच्या आधीचं हे. मी मंडळींना म्हणालो, सायलीची पहिली आखाजी, तिला आणायला मुराळी पाठवायला हवा. निरंजनरावांकडे ही रीत असेलच, तरी लिहितो: आखाजीला लेकीला सासरहून आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. बहुतेक भाऊच जातो. तुला भाऊ नाही. धूलकोटच्या मामांनी तुला लहानाचं मोठं केलं हे खरं, पण दुसऱ्या लग्नाचं ऐकल्यावर त्यांनी आमच्याकडचं दार लावून घेतलं, ते कुणाला पाठवणार? हे ऐकून भिकन म्हणाला, "मी जातो." यादवभाऊ म्हणाले, "तू एकटा गेलास तर चांदनीला उतरून बसशील, मीही येतो." सुधाकर म्हणाला, "पोरीला आणायला जायचं आणि मी घरी?" ज्या माणसांना चिखलदरा गाठता आला नाही, ती चौघंच्या चौघं एका पोरीला आणायला पाचोऱ्याला निघाली. मी म्हणालो, मुराळी म्हणजे मानाचा माणूस, त्याने वाटेत गोंधळ घालून चालणार नाही, म्हणून आधी भुसावळपर्यंत एकदा जाऊन येऊ, गाडी कशी बदलायची ते पाहून ठेवू. ते हसले, पण कबूल झाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझा निरोप आला. मी कुणाला काही बोललो नाही. सकाळी दशम्यांचं फडकं आणि पाण्याची छागल घेऊन स्टेशनावर गेलो. सुधाकरच्या घरून सुमनवहिनींनी शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचा तक्कू दिला होता. यादवभाऊंनी केळी आणली होती, चौघांना आठवडाभर पुरतील एवढी. मी त्यांना वेळापत्रक समजावून सांगत होतो, कुठली गाडी कुठे थांबते, कुठल्या गाडीला पुढे जोड आहे. इतकं तपशिलात सांगत होतो की गाडी आली कधी, आम्ही चढलो कधी, खिडकीशी बसलो कधी, कुणाचंच लक्ष नव्हतं. सुधाकरने पत्ते काढले. आखाजी जवळ आली की आपल्याकडे पत्त्यांना कुणी नाव ठेवत नाही. डाव रंगला. मग गाडी हळू झाली, भिकन खिडकीबाहेर बघून एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "अरे भो, हे तर माझं स्टेशन!"

चांदनी आलं होतं. भुसावळ राहिलं एका बाजूला, आम्ही चाललो होतो बरोबर उलट दिशेला. सायली, चूक कशी झाली ते मी नंतर नीट तपासलं. भिकन आयुष्यभर ज्या फलाटावरून चांदनीला कामाला गेला, त्याच फलाटावरून मी आयुष्यभर नेपानगरला कारखान्यात गेलो. आम्ही दोघे पुढे चाललो होतो, मागचे दोघे आमच्या भरवशावर. पाय आपले नेहमीच्या जागी गेले आणि नेहमीच्या दिशेच्या गाडीत चढले. आम्ही कामावर निघालो होतो, दुसरं काही नाही.

उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता, बाहेर ऊन असं की रूळ लवलवताना दिसत होते. फलाटाच्या टोकाला भिकनने स्वतः लावलेलं एक कडुलिंबाचं झाड आहे, त्याखाली बसलो. त्याने आम्हाला सगळं स्टेशन दाखवलं, झेंडी कुठे उभं राहून दाखवायचा, पावसाळ्यात साप कुठे निघायचा, साहेब आले की कुठे लपायचा. आत्ताचा स्टेशनमास्तर नवा पोरगा, त्याने ओळखलं नाही, पण भिकनने नाव सांगितल्यावर माठातलं पाणी दिलं. दशम्या सोडल्या. तक्कू अगदी बेताचा आंबट होता. यादवभाऊंनी केळी फलाटावरच्या सगळ्यांना वाटली, आणि मग आम्ही इतके हसलो की सुधाकरला उचकी लागली. आंबेही होते यादवभाऊंच्या पिशवीत. मी नाही खाल्ला. पितरांना दिल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, तू हे पाळायचीस म्हणून मला वाटलं तू अजूनही पाळत असशील. खरं सांगू, त्या झाडाखाली बसून मला पहिल्यांदा वाटलं की आपण फिरायला आलोय.

मग सुधाकरने विचारलं, "ते सब ठीक, पण देवराम, पोरीला विचारलंस का? येते म्हणाली का?" मी खिशातून मोबाईल काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, यादवभाऊंना दिलं, त्यांनी भिकनला. भिकनने चष्मा नसताना उगाच मोबाईलची काच पुसली.

सुधाकर मास्तरच, त्याने मुद्दे पाडून बोलायला सुरुवात केली. म्हणाला, "देख देवराम, रागावू नकोस. पोरीचं कन्यादान कुणी केलं? मी आणि सुमनने. म्हणजे शास्त्राने ती माझी लेक. माहेर माझं घर. तुझ्या घरी सकाळी घागर आहे, ती तुझी तू भर. माझ्या घरी घागर नाही, आखाजीला लेकी बसतात तो झोका तेवढा बांधू. पोरगी माझ्याकडे उतरू दे. तिच्या सासूला सांगायला सोपं, पोरीला यायला सोपं."

मला काय झालं ते आता लिहायला जड जातंय, पण लिहितो. मी उठलो आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, भर उन्हात. कारण त्याचा शब्दन्‌शब्द बरोबर होता. कन्यादानाला जोडपं लागतं, विधुराला एकट्याला करता येत नाही, हे शोधून काढलं कुणी? मीच. गुरुजी म्हणत होते, चालतं हो हल्ली. मी म्हणालो, चालवून घ्यायचं नाही, माझ्या पोरीच्या लग्नात उणं नको, आणि स्वतः जाऊन सुधाकर आणि सुमनवहिनींना बोहल्यावर बसवलं. मी मांडवाच्या खांबाशी उभा राहून बघत होतो, त्यांनी कन्यादानाचं पाणी सोडलं तेव्हा. निरंजनरावांचं स्थळ मी शोधलं, पाचोऱ्याला जाऊन त्यांचं घर मी पाहिलं, गल्लीत लोक सुनेचं लग्न लावतो म्हणून तोंड फिरवत होते तेव्हा घर रंगवायला मी काढलं. आणि आता लेक मास्तरांची!

भिकन मागून आला. हातात शेवटची दशमी होती, त्यातली अर्धी त्याने मला दिली. म्हणाला, "काय भो, उन्हात कोणाची वाट बघतोस? त्या पोरीला बापच नव्हता ना लहानपणापासून? आता दोन झाले. तुला एवढं वाईट काय वाटलं?" मी दशमी खाल्ली. परतीच्या गाडीत कुणी पत्ते काढले नाहीत.

त्यानंतर मी रसवंतीवर गेलो नाही. गल्लीतले कूलर दुरुस्त करत बसलो, ज्यांचे बिघडले नव्हते त्यांचेही उघडले. मालूबाईंनी तर सांगितलं, भाऊ, माझा आता पहिल्यापेक्षा जास्त आवाज करतो. मग एका सकाळी सुमनवहिनी आल्या. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. ताटात बिबड्या होत्या, ज्वारीचे पापड, ओले, नुकते घातलेले. खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं त्यांच्याशी काय ते तुम्ही बघा. मला फक्त एवढंच सांगायचंय. मला दोन मुलगे. एक बंगळुरूला, एक इंदूरला. अंगणात कडुलिंबाची एवढी मोठी आडवी फांदी आहे, त्या फांदीला कधी आखाजीचा झोका बांधला गेला नाही. बांधायचा कुणासाठी? तुम्ही तिच्यासाठी इतकं केलंत. मला तिची एक दुपार द्या."

मी ताटातली एक बिबडी उचलून तोंडात टाकली. मीठ बरोबर होतं, जिरं जरा जास्त. तेही मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आता तब्येत ठीक दिसते.

त्या गेल्यावर मी स्वयंपाकाला लागलो. कळण्याची भाकरी केली. सायली, मी मोटारी बांधायला कुणाकडून शिकलो नाही, मोडक्या मोटारी सोडवून शिकलो. पंचांग स्वतः वाचून शिकलो, वेळापत्रक स्वतः. हे मी ऊठसूट लोकांना सांगतो, तुला पाठ आहे. पण शारदा गेल्यावर मी भाकरी थापायला लागलो आणि ती रोज कडेने फाटायची, तेव्हा तू एक दिवस काही न बोलता पिठात घालायचं पाणी चुलीवर ठेवून उकळलंस आणि परातीजवळ ठेवून बाहेर निघून गेलीस. मला शिकवलंयस असंही वाटू दिलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून भाकरी फाटली नाही. तू शारदाचं शेवटचं दुखणं काढलंस, रात्र रात्र तिच्या उशाशी बसलीस, आणि ती गेल्यावर प्रशांत असा रस्त्यात अपघाताने गेला, तेव्हा मामांकडे जायचं सोडून माझ्याजवळ राहिलीस. दोन माणसांचं घर, दोघंही गप्प, तरी सकाळी माझ्या चष्म्याच्या काचा पुसलेल्या असायच्या. कूलरचं पाणी भरलेलं असायचं. मी तुला कधी या सगळ्याबद्दल काही म्हटलं नाही. आमच्या पिढीत सासरे सुनेला असं काही म्हणत नाहीत. आता तू सून नाहीस, तर म्हणतो. तू माझं घर उभं ठेवलंस. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते फेडायचं माझ्या मनात नाही, मला ते तसेच अंगावर राहिलेले आवडतात.

भाकरी खाऊन मी सुधाकरकडे गेलो. म्हणालो, फांदी दाखव. त्याने दाखवली. मी शिडी लावून वर चढलो, फांदी ठोकून पाहिली, आतून पोखरलेली नाही. दोर सुती घे, नायलॉनचा हाताला चावतो. पाट रुंद घे, दोघी बसतील असा. त्याने मान डोलावली आणि शेवटी म्हणाला, "मग पाचोऱ्याला कधी निघायचं? तिकीट काढू?" आणि तेव्हा, सायली, मला बरं वाटावं असं एक माझ्या ध्यानात आलं. मी म्हणालो, मास्तर, तू कुठे येतोयस? मुराळी म्हणून बाप स्वतः जात नाही. बापाने घरी दारात थांबायचं, लेक उतरली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला. शास्त्राने लेक तुझी ना? मग थांब घरी. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. इतक्या वर्षांत एकदा प्रवास घडत होता, तोही गेला. सुमनवहिनी पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. यादवभाऊ म्हणतात, बाप झाल्याचं इतकं दुःख झालेला माणूस त्यांनी पाहिला नाही. सध्या तो आम्हाला पाचोऱ्याला काय काय खायला मिळतं ते विचारून येतो आणि आमच्यासाठी भजी कुठल्या गाडीवर खायची ते सांगतो.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. फोन केला असता तर माझा आवाज ऐकून तू लगेच "हो बाबा" म्हणाली असतीस. तुझी सवय मला माहीत आहे. तसं हो मला नको आहे. हे पत्र तू सावकाश वाच, निरंजनरावांना वाचू दे, तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव, त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी यादवभाऊ, भिकन आणि मी, तिघे तुला न्यायला येऊ, आणि या वेळी बरोबर फलाटावरून. तू सुधाकर मास्तरांच्या घरी उतरशील, तुझं माहेर तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरची घागर मी एकटा भरेन, तेव्हा तू झोक्यावर असशील, आणि प्रशांतच्या नावाचं बोट ओढताना मला एकदाही मागे वळून बघावं लागणार नाही, की तुझ्या डोळ्यांत काय आहे. संध्याकाळी आमरस माझ्याकडे आहे, निरंजनराव तुला न्यायला येतील तेव्हा त्यांनाही आहे, जावई म्हणून; यावंसं वाटलं तर या, गल्ली तीच आहे. आणि यातलं काहीच नको असेल तर पुन्हा एकदा "नको" एवढंच पाठव. मी कारण विचारणार नाही, मंडळींना सांगेन की यंदा चिखलदरा. पण आलो, तर दारात तीन धुळीने माखलेले म्हातारे उभे दिसतील. सासूबाईंनी विचारलं, हे कोण, तर गोंधळू नकोस. सासरे होते, मी त्यांना बाबा म्हणते, असं काही समजावत बसू नकोस. मास्तरांकडचे मुराळी आलेत, एवढं सांग. मुराळ्याला कुणी नातं विचारत नाही गं, पाय धुवायला पाणी देतात आणि बसायला सांगतात. मला तेवढं पुरे आहे.

तुझाच,
देवराम
(तुझ्या तोंडून आजवर बाबा ऐकत आलेला)